भिंगरीची लंगडी

“तुमची स्वतःची कुत्री असती, तर तुम्ही तिचा गुडघा कापला असता का?”

‘तू विचारूच शकणार नाहीस’ अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शाल्मलीने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना हे तोंडावर विचारलं. आईने डोळे वटारले. बाबा म्हणाले, “विचारू दे गं. भिंगरी तिची आहे, ऑपरेशनचंही तीच ठरवणार.”

डॉक्टरीणबाईंनी शाल्मलीचा अंगठा धरून भिंगरीच्या मागच्या गुडघ्यावर टेकवला. चवळीच्या दाण्याएवढी वाटी अंगठ्याखालून घसरली आणि कडेला गेली. भिंगरीने पाय मागे ताणला, तशी ती टुपकन जागेवर आली.

“दिवसातून दहादा निसटते ही वाटी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ मग ही बाई तीन पायांवर उड्या मारते, पाय झटकते आणि वाटी स्वतःच बसवते.”

शाल्मलीने अंगठा पटकन मागे घेतला. ती शाळेच्या लंगडी संघाची कप्तान. भिंगरी तीन पायांवर उडायला लागली, की “बघा, ही पण लंगडी खेळते” म्हणून घरात टाळ्या पडायच्या, बिस्कीट मिळायचं. वर्षभर हे एवढंसं जनावर आपलं हाड आपणच बसवत होतं, आणि वर शेपूट हलवत बिस्किटं खात होतं.

“मी ऑपरेशन केलं असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण नंतर सहा आठवडे हिची उडी बंद.”

शाल्मलीने भिंगरीला छातीशी धरलं.

“आई, बाबा, ऑपरेशन करायचं. आणि सहा आठवडे माझीही लंगडी बंद. ती बसून असताना मी उड्या मारणार नाही.”