पिंपरखेड्याची गोळी

विमानतळावरच्या पोटबदल खिडकीशी वृषालीचा नंबर आला. गावचं अन्नपाणी बाधू नये म्हणून त्याच गावातल्या माणसाच्या आतड्यातले जिवाणू गोळीतून घ्यायचे आणि मगच बाहेर पडायचं, असा आता नियमच होता.

"गाव?"

"पिंपरखेडा. लहान आहे, जिल्ह्याचीच गोळी द्या. एका सहीपुरतं जायचंय."

खिडकीतल्या बाईंनी फ्रीज उघडला. "पिंपरखेड्याची आहे की. एकच बाई नमुना देतात."

डबीवर नाव नव्हतं. वय एकाहत्तर; आहार कळण्याची भाकरी, ठेचा, बिनदुधाचा गुळाचा चहा. असा चहा गावात फक्त वृषालीची आई प्यायची. तिच्याशी भांडून वृषाली परदेशी गेली, त्याला अकरा वर्षं झाली होती. त्यानंतर फोनसुद्धा नाही.

"कोणी नेतं का ही?" वृषालीने विचारलं.

"कोण नेणार? तुम्हीच पहिल्या. महिन्याभरात खराब होते, मग फेकून द्यायची. बाईंना कितीदा सांगितलं, उगाच हेलपाटे घालू नका. तर म्हणतात, मुलीचं पोट लहानपणापासून नाजूक आहे, आणि ती काही कळवून यायची नाही."