दोन्ही कान शाबूत

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण सोपानआबा आणि बिबट्या भरदुपारी एकाच विहिरीत पडले आणि मोटारीच्या एकाच पाइपाला धरून राहिले. शेवटी बिबट्याच म्हणाला, “पावणं, मीबी लई भ्यालोय. फकस्त माझे कान बघून ठेवा.”

आबानं बघितलं. दोन्ही कान शाबूत होते. गेल्या आठवड्यात धोंडाबाईला उसात ओढून नेणाऱ्या बिबट्याचा डावा कान फाटका होता, आणि ते पाहणारा एकटा आबाच होता.

वरून दोर आला. आबा निम्म्यावर पोचला आणि दोर थांबला. काठावर अख्खा गाव, पुढं बंदूकवाला.

“आबा, धोंडाबाईला नेणारा ह्योच ना?”

“आधी वर तर घ्या रं!”

“आधी सांगा. न्हाईतर बसा दोघं गप्पा मारीत.”

दोर हातभर खाली सुटला.

“ह्योच! ह्योच!” आबा ओरडला.

गोळीचा आवाज विहिरीत बराच वेळ घुमला. बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून गावानं गळ्यात घातलेले खिळ्यांचे पट्टे त्याच संध्याकाळी उतरले.

सकाळी आबाची नात साक्षी दप्तर घेऊन उसाच्या वाटेनं शाळेला निघाली. आबा पट्टा घेऊन मागं धावला.

“गळ्यात घाल आधी!”

“आता कशाला, आबा?” ती हसली. “तुमीच तर वळखला ना त्याला?”