घडीच्या दोन सायकली

लढाई संपल्यावर लष्करी मालाच्या लिलावातून शहाद्याच्या नेमीचंदांनी घडीच्या दोन सायकली आणल्या. धडगावच्या बाजाराला जाताना सायकल मिटून बैलगाडीत ठेवायची आणि परतताना घाट तिच्यावरून उतरायचा, असा त्यांचा बेत होता. महिन्याभराने निघायची वेळ आली, तेव्हा त्यांनी दोन्ही मिटून पाहिल्या. एक जड, तिचे दोन स्क्रू पिळत बसावं लागे. दुसरी हलकी, एका खटक्यात मिटायची.

"हीच नेतो," ते धाकट्या भावाला, केवलचंदला म्हणाले.

"ती नका नेऊ, जेठजी."

आवाज दारामागून आला. केवलचंदची बायको नोजीबाई बारा वर्षं या घरात होती, पण जेठांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. नेमीचंद तिचा आवाज आज पहिल्यांदा ऐकत होते.

"उतारावर वेग आला की तिचा खटका आपोआप सुटतो."

"तुला काय ठाऊक?" केवलचंदने दरडावलं.

दाराआडून नुसता हात पुढे आला. कोपरापासून मनगटापर्यंत खपली धरलेली होती. जिन्यावरून पडले, असं तिने घरात सांगितलं होतं.

मग नेमीचंदांनी दाराकडे न बघता विचारलं, "आणि दुसरी?"

"उचलायला जड आहे, पण सरळ चालते. घाट उतरेल."

नेमीचंदांनी जड सायकल गाडीत चढवली. केवलचंद मात्र त्या हाताकडे बघत तिथेच उभा राहिला. त्याला स्वतःला अजून सायकल येत नव्हती.