वळणासाठी दिवा

"हाही मेला मिणमिणताच!" एव्हांथियाने पिवळा दिवा पिकअपच्या बॉनेटवर आपटला. पंधरा दिवसांतला हा तिसरा.

पहिली माळ होती, आठ युरोंची, स्वस्त आणि तशीच. दुसरा बागेतला दिवा. त्याच्या उजेडात गोगलगायसुद्धा वाट चुकली असती. हा तिसरा गळ्यात मारताना दुकानदाराने वर उपदेशही पाजला होता, "देव्हाऱ्याला पिवळाच शोभतो, मावशी. पांढरा लावलात तर पेट्रोल पंप वाटेल."

शोभा कुणाला हवी होती? तिला वळण दिसायला हवं होतं. गेल्या फेब्रुवारीत याच वळणावर तिचा लेक मान्थोस स्कूटरसकट दरीत गेला. नगरपालिकेत खेटे घालून चपला झिजल्या, पण रस्त्यावर एक खांब काही आला नाही. शेवटी तिने कठड्यापाशी लोखंडी पायांवर पत्र्याचा छोटा देव्हारा उभा केला. आत संताची तसबीर आणि मान्थोसचा फोटो. आता त्यावर दिवा लागला की काम झालं.

"चौथा काढ," ती धाकट्या भावाला म्हणाली.

स्तेर्गिओसने खोकं उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, हा फ्लडलाइट आहे. बांधकामावर लावतात तो."

"म्हणूनच आणला. एकोणीस युरो, उन्हावर चार्ज होतो, पाऊस सोसतो. आणखी काय हवं?"

"पाद्रीबाबा बोलतील."

"त्यांना म्हणावं, आधी दरीत उतरून बघा, मग बोला. चढ वर!"

सूर्य डोंगराआड गेला होता. स्तेर्गिओसने देव्हाऱ्याच्या छपरावर दिवा बसवला आणि बटण दाबलं. सगळं वळण लख्ख झालं. कडेची पांढरी रेघ, तुटका कठडा, काचेमागे हसणारा मान्थोस. वर्षभरात पहिल्यांदाच एव्हांथियाला छाती भरून श्वास घेता आला.

"बघ! आता कोण पडतो ते बघू!"

तेवढ्यात खालून एक गाडी आली. ड्रायव्हरला देव्हारा दिसला, आणि कुठलाही ग्रीक माणूस करतो तेच त्याने केलं. उजवा हात स्टिअरिंगवरून काढला आणि क्रूस केला: कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा. एकदा नव्हे, तीनदा. डोळे देव्हाऱ्यावर. गाडी रेघ ओलांडून कठड्याला घासता घासता वाचली.

"अरे हात! हात चाकावर ठेव मुडद्या!" एव्हांथिया ओरडली.

पाठोपाठ लाल गाडीतली बाई आली. तिने क्रूस करून वर बोटांचं चुंबनही घेतलं. मग एक स्कूटरवाला. भर वळणात त्यानेही एक हात सोडला, स्कूटर डगमगली. एव्हांथियाने डोळे गच्च मिटले. फटफट दूर गेल्यावरच उघडले.

"अंधारात देव्हारा कुणाला दिसतच नव्हता, ताई," स्तेर्गिओस चाचरत म्हणाला.

"कसली ही माणसं! देवाला नमस्कार करायला थेट देवाकडेच निघालीत!" तिने छपराकडे बोट केलं. मग म्हणाली, "काढ तो दिवा."

"घरी न्यायचा?"

"घरी कशाला? तिकडे, वळणाच्या पाटीवर लाव. तोंड रस्त्याकडे कर."

दिवा तिकडे गेला. रस्ता लख्खच राहिला, पण तिरपा उजेड अजूनही देव्हाऱ्याच्या काचेवर चमकत होता. एव्हांथियाने ते क्षणभर पाहिलं. मग अंगातला काळा कोट काढून देव्हाऱ्यावर चढवला आणि गळ्यापासून बटणं लावायला घेतली.

वरून एक व्हॅन आली. ड्रायव्हरने वेग कमी केला, दोन्ही हातांनी वळण घेतलं आणि निघून गेला.

"त्याने इकडे पाहिलंसुद्धा नाही," स्तेर्गिओस हळूच म्हणाला.

"रस्ता पाहिला ना," ती म्हणाली आणि थंडीने कुडकुडत तिने खालचं शेवटचं बटणही लावून टाकलं.