पाकळीचा ल
बोरिवलीच्या झुलवाडी पार्कच्या कमानीवरचा ल मी पत्रा कापून घडवला होता, दोन गुबगुबीत पाकळ्यांचा. त्यात कबुतरांच्या सात पिढ्या नांदल्या. खोटं वाटलं तर कबुतरांना विचारा. पार्क पाडलं. काल गोरेगावच्या मॉलमध्ये एका मुलीच्या स्टॉलवर त्याच नावाचे टीशर्ट दिसले. वर पाटी: ‘जुन्या कमानीची हुबेहूब अक्षरं’. ल मात्र हिंदीतला, दांड्याचा! “माझ्या अक्षरात हा बांबू कुणी रोवला?” मी ओरडलो. “आजोबा, कॉम्प्युटरमध्ये असाच येतो.” “मग पाठव कॉम्प्युटरला माझ्याकडे, पाटी-पेन्सिल घेऊन!” तिनं कोरा टीशर्ट पसरून मार्कर पुढे केला. “तुम्हीच काढा ना.” काढला. रागानं मार्कर जास्तच दाबला, डाव्या पाकळीला गालगुंड झालं. “झकास! एकदम रेट्रो! हाच छापते.” “बये, चुकलाय तो! आण इकडे!” तोवर माझी चूक तिच्या अंगावर चढून मॉलभर मिरवायला निघालीसुद्धा.