दुसरा ठोका

सकाळपासून फरहाच्या पोटात बाळ हललं नव्हतं. ठोके ऐकायचं आरोग्यकेंद्रातलं यंत्र कालच हातातून पडलेलं. तिचे अब्बा गफ्फार रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी प्रोबमधल्या फुटलेल्या क्रिस्टलच्या, म्हणजे ध्वनिलहरी सोडणाऱ्या चकतीच्या, जागी भंगारातला बसवला, पण तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर थरथरतो ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. केसभर बटण फिरवता फिरवता मीटरचा काटा टोकाला गेला, म्हणजे फ्रिक्वेन्सी बरोबर जुळली. अंजनाबाई सिस्टरनं प्रोब पोटावर टेकवला आणि ठोके घुमू लागले. "लागलं स्टेशन," गफ्फार म्हणाले. फरहा हसली. सिस्टरनं मात्र तिचं मनगट धरलं होतं. यंत्रातला ठोका आणि नाडी एकाच चालीत होती. "भाऊ, हा हिचाच आहे. बाळाचा दुपटीनं पळते." तिनं प्रोब सगळीकडे फिरवला. दुसरा ठोका आला नाही. काटा टोकालाच होता. "मलेच बटनाची जागा बराबर नाई भेटली, बाई," म्हणत गफ्फारांनी बटण पुन्हा शून्यावर नेलं.