एका चार्जिंगमध्ये कुठवर?

“ही चालूच झाली न्हाई,” म्हणत बबनरावांनी मूठ पिळली. नवीकोरी इलेक्ट्रिक स्कूटर चाकाखालचं लिंबू चिरडत मुकाट्याने सुटली आणि शोरूमच्या दारातल्या कुंडीवर जाऊन आदळली.

चिखलीच्या बबनरावांचा सगळा जन्म मोटारसायकलच्या फटफटीत गेलेला. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, एवढंच त्यांना ठाऊक. त्यातून ही गाडी त्यांची नव्हतीच. ती होती त्यांच्या बायकोची, शालनबाईंची. चाकणच्या कंपन्यांतल्या पोरांना डबे पुरवून त्यांनी ती स्वतःच्या कमाईतून घेतली होती. तरी शोरूमवाल्याने किल्ली बबनरावांच्या हातात दिली आणि शालनबाईंच्या हातात नारळ.

घरात गाड्यांना तोटा नव्हता. बापाची मोटारसायकल, लेकाची मोटारसायकल, वर दारात चारचाकी. पण शालनबाईंनी तळेगावला आईकडे जायचं नाव काढलं, की सगळ्या टाक्या एकदम कोरड्या पडत. “पेट्रोल न्हाई,” बबनराव म्हणत. “पेट्रोल नाही गं आई,” ओंकारही म्हणे. म्हातारी अंथरुणाला खिळली, तरी टाक्या भरल्या नाहीत. मित्रांबरोबर लोणावळ्याला निघताना मात्र त्याच गाड्या काठोकाठ भरलेल्या असत. शालनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

शेवटी शेजारच्या मंजुषाकडून त्या गाडी शिकल्या, लायसन्स काढलं आणि कोणालाही न विचारता ही स्कूटर बुक केली. मग बापलेकांना एकाएकी गाडीची काळजी लागली. बॅटरी पेट घेते. जुनी झाली की कोणी विकत घेत नाही. वाटेत बंद पडली तर कुत्रं हाल खाणार नाही. शालनबाई ऐकत राहिल्या आणि डब्याच्या पोळ्या लाटत राहिल्या.

आता त्यांनी नारळ शेजारी उभ्या असलेल्या ओंकारच्या हातात ठेवला. कुंडीजवळ जाऊन नवऱ्याकडून किल्ली घेतली, पदर खोचला, हेल्मेट चढवलं आणि गाडीवर बसल्या.

बबनराव धोतराची माती झटकत होते. चारचौघांत झालेल्या शोभेचा राग त्यांना कोणावर तरी काढायचा होता.

“एका चार्जिंगमध्ये कुठवर जाती म्हणं ही?”

“तळेगावपतुर.”

बबनरावांना हसू फुटलं. “आन् माघारी कशी येशील?”

शालनबाईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

“येईन की सावकाश. माझ्या आईच्या घरात बी लाईट हाय.”